सकाळी लालबाग, दुपारी कनकेश्वर, रात्री घरी : सायकल आणि डोंगर एकाच दिवसात कसं जमतं?

रविवारी पहाटे पाच-साडेपाचला लालबाग, परळ, दादरच्या रस्त्यांवर दोन प्रकारची माणसं दिसतात.

पहिली सायकलवाली. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा. ही मंडळी आंबेडकर रोडवरून सुसाट खाली जातात, मरीन ड्राइव्हला फोटो काढतात, चहा पितात आणि ऊन वर यायच्या आत घरी परततात. दुसरी ट्रेकवाली. पाठीवर सॅक, पायात जाड तळाचे बूट. ही दादर स्टेशनच्या दिशेने झपझप चाललेली असतात, कारण कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची असते.

दोघांनाही शहराबाहेर पडायचंय, दोघांनाही घाम गाळायचाय. पण सायकलवाल्याला डोंगर मिळत नाही आणि ट्रेकवाल्याला तो मिळतो, पण निम्मा दिवस लोकल आणि टमटममध्ये जातो.

मग प्रश्न असा, की गिरगाव-दादरच्या माणसाने घराच्या दारातून सायकल काढायची, स्वतःच्या पायाने पॅडल मारत डोंगराच्या पायथ्याशी जायचं, डोंगर चढून उतरायचा आणि त्याच रात्री घरी येऊन वरण-भात खायचा, हे जमू शकतं का?

जमतं. त्यासाठी फार मोठा खेळाडू असायलाही लागत नाही. फक्त एक अडचण आहे. मुंबईतून सायकलने बाहेर पडायचं कुठून?

जवळचा रस्ता सायकलला बंद

नकाशा उघडून बघा. लालबागपासून शिवडी अगदी हाकेच्या अंतरावर. शिवडीला अटल सेतू सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल जवळपास २२ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला साधारण साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. पलीकडे उतरलं की रायगड जिल्हा, म्हणजे सगळे डोंगर समोर. पण या पुलावर दुचाकी, रिक्षा आणि सायकल यांना प्रवेश नाही.

ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकींना बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. कोस्टल रोडवर वाहनांच्या बोगद्यात आणि पुलावर सायकल न्यायची नाही. थोडक्यात, गेल्या काही वर्षांत मुंबईतून झटकन बाहेर नेणारे जे जे रस्ते झाले, ते सगळे चारचाकीसाठी झाले.

मग सायकलवाल्याला उरतं काय? दादरहून सायन, तिथून मानखुर्द, वाशीची खाडी आणि सायन-पनवेल महामार्ग. पनवेलला पोचेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात, तेही ट्रक आणि कंटेनरच्या शेजारून. सवय असलेला माणूस ते करतो. पण नवख्याने पहिल्याच दिवशी एवढं करून वर डोंगर चढायचा आणि तसंच परत यायचं, हे जरा जास्तच होतं.

म्हणून दक्षिण आणि मध्य मुंबईच्या माणसासाठी सगळ्यात शहाणी वाट जमिनीवरून जातच नाही. ती पाण्यावरून जाते.

भाऊचा धक्का, पुन्हा एकदा

गिरणगावातल्या जुन्या माणसांना हे नवीन नाही. लालबाग-परळच्या चाळींत राहणारा कोकणचा चाकरमानी गावाला जायचा तो बोटीनेच. त्यासाठी माझगावचा भाऊचा धक्का गाठायचा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजेच ‘भाऊ’ यांनी एकोणिसाव्या शतकात हा धक्का बांधला आणि त्यांचं नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे मुंबई-गोवा महामार्ग झाला, एसटी वाढली, कोकण रेल्वे आली आणि बोटीचा प्रवास मागे पडला. धक्का उरला तो मासळी बाजारासाठी आणि रेवस, मोऱ्याच्या लाँचसाठी.

मार्च २०२० मध्ये इथून मांडव्यापर्यंत रो-रो सेवा सुरू झाली. रो-रो म्हणजे अशी बोट, जिच्या पोटात गाड्या चाकांवर चालत शिरतात आणि चाकांवरच बाहेर येतात. रस्त्याने मांडवा साधारण ११० किलोमीटर पडतं आणि तीन-चार तास जातात. पाण्यावरून हेच अंतर सुमारे १८ किलोमीटर आहे आणि तासाभरात बोट पलीकडे लागते.

या बोटीत मोटारी, मोटारसायकली जातात, तशी सायकलही जाते. तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. सायकल खालच्या डेकवर उभी करायची, बांधून ठेवायची आणि वर जाऊन बसायचं.

आता अंतरं बघा. लालबागहून भाऊचा धक्का चार-पाच किलोमीटर. गिरगावहून पाच-सहा. परळहून पाच-साडेपाच आणि दादरहून आठच्या आसपास. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासाच्या आत माणूस धक्क्यावर असतो. म्हणजे ज्या वेळेत ट्रेकवाला दादर स्टेशनवर लोकलची वाट बघत उभा असतो, त्या वेळेत सायकलवाला बोटीच्या रांगेत लागलेला असतो.

पण या पाण्याची एक आठवण गिरणगावात अजून जिवंत आहे, ती सांगायलाच हवी. १७ जुलै १९४७. गटारी अमावस्येचा दिवस. सकाळी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी घरी जाणारे चाकरमानी, बायकापोरं, कोळी अशी बोट खच्चून भरली होती. निघाल्यानंतर तासाभराच्या आत, काशाच्या खडकाजवळ, पावसात आणि वाऱ्यात बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांवर सुतक आलं.

म्हणून आजही गेटवेवरून मांडव्याला सुटणाऱ्या लाँच आणि कॅटमरान पावसाळ्यात बंद असतात. रो-रो आकाराने मोठी, पण तीसुद्धा हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द करते. फेरी रद्द झाली म्हणून धक्क्यावर भांडणारे लोक दिसतात. त्यांनी एकदा १९४७ आठवावं आणि गुपचूप चहा प्यावा. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असतो.

कनकेश्वर का?

मांडव्याला उतरलं की समोर अलिबाग तालुका. समुद्रकिनारा, नारळी-पोफळी, भाताची खाचरं आणि त्यांच्या मागे एक हिरवी डोंगररांग. या रांगेच्या एका टोकाला कनकेश्वर आहे.

पहिल्या वेळेसाठी हा डोंगर निवडायला तीन कारणं आहेत.

एक, अंतर. मांडवा जेट्टीपासून पायथ्याचं मापगाव दहा-बारा किलोमीटर. रस्ता बराचसा सपाट आहे, अधूनमधून लहान चढ. अलिबाग-रेवस रस्त्यावर कनकेश्वर फाटा लागतो, तिथून आत वळलं की मापगाव.

दोन, वाट. मापगावापासून वरपर्यंत दगडी पायऱ्या आहेत, सातशेहून जास्त. त्या अठराव्या शतकात, रघोजी आंग्र्यांच्या काळात त्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी बांधल्या, असं सांगितलं जातं. त्यामुळे वाट चुकायचा प्रश्नच येत नाही. झाडीही चांगली आहे, बराचसा चढ सावलीतून होतो.

तीन, उंची. डोंगर साधारण हजारेक फुटांचा, म्हणजे ३०० मीटरच्या आसपास. दमवतो, पण मोडत नाही.

चढताना टप्प्यांना नावं आहेत. मोहनगिरी आणि बालगिरी यांच्या समाध्या, नागोबाचा टप्पा, मग देवाची पायरी. आख्यायिका अशी की देवाने डोंगरावर येताना इथे पाऊल ठेवलं. पुढे गायमांडी, पालेश्वर. जुन्या लोकांनी टप्प्यांना नावं देण्यामागे श्रद्धा होतीच, पण त्याचा एक व्यवहारी फायदाही होतो. ‘अजून चारशे पायऱ्या’ म्हटलं की पाय गळतात, ‘आता नागोबाचा टप्पा’ म्हटलं की माणूस उठून चालायला लागतो.

माथ्यावर शंकराचं देऊळ आणि समोर दगडात बांधलेली पुष्करणी. हवा स्वच्छ असेल तर समुद्र दिसतो, खांदेरी-उंदेरी दिसतात आणि उत्तरेला धुक्यातून मुंबईच्या उंच इमारतीही ओळखता येतात. सकाळी जिथून निघालो ते शहर डोंगरावरून, समुद्रापलीकडे बघायला मिळणं, हा या फेरीचा खरा मोबदला.

वेळेचं गणित : १८९२ चा एक नियम

एका दिवसाची फेरी फसते ती बहुतेक वेळा दमामुळे नाही, वेळेमुळे. ट्रेकमध्ये उशीर झाला तर पुढची लोकल असते. इथे शेवटची बोट चुकली तर सायकलसकट रात्र अलिबागेत काढायची, नाहीतर अंधारात ११० किलोमीटरचा रस्ता पकडायचा.

म्हणून आधी कागदावर हिशेब करायचा. त्यासाठी एक सोपा नियम आहे. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो मांडला. दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास जोडा. विश्रांती, फोटो, गप्पा यात धरलेल्या नाहीत.

कनकेश्वरला हा नियम लावा. चालायचं अंतर दोनेक किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटं. चढाई ३०० मीटर, म्हणजे तीस मिनिटं. झाली पंचावन्न मिनिटं. दम खायला दहा-पंधरा मिनिटं धरली की सव्वा तास. उतरायला पाऊण तास.

आता पूर्ण दिवस मांडू. बोटींच्या वेळा वार आणि हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी बघूनच तिकीट काढायचं. पण समजा सकाळी आठची बोट मिळाली.

• ६.४५ : घरातून निघणं. गाड्या आधी चढवतात, त्यामुळे बोटीच्या अर्धा-पाऊण तास आधी धक्क्यावर असलेलं बरं.
• ८.०० ते ९.०० : बोट. या तासात पोटभर खाऊन घ्यायचं.
• ९.१५ ते १०.१० : मांडवा ते मापगाव. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे आरामाचा वेग.
• १०.२५ ते ११.४० : चढाई.
• ११.४० ते १२.३० : माथा. देऊळ, पुष्करणी, डबा.
• १२.३० ते १.१५ : उतराई.
• १.१५ ते २.०० : जेवण, पाणी, सावली.
• २.०० ते ३.१० : मापगाव ते मांडवा.

परतीची बोट चारची असेल तर हातात पन्नास मिनिटं उरतात. ती ‘फुकट गेली’ असं समजू नका. ती एका पंक्चरची किंमत आहे. नवख्या माणसाला रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलायला अर्धा तास सहज लागतो.

आणि येताना पंचावन्न मिनिटं लागली, तर जाताना सत्तर का धरली? कारण वारा. किनाऱ्यावर दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्रावरची गार हवा जमिनीकडे धावते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हा दुपारचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. मापगावहून मांडवा नेमकं त्याच दिशेला आहे. म्हणजे पाय थकलेले आणि वारा तोंडावर. सायकलवर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सपाट रस्ताही चढासारखा वाटायला लागतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. एक गिअर खाली घ्यायचा आणि चार जण असाल तर एकामागोमाग एक, आळीपाळीने पुढे राहायचं.

सायकलीचे पाय वेगळे, डोंगराचे वेगळे

रोज वीस किलोमीटर सायकल चालवणारा माणूस कनकेश्वर उतरून येतो आणि मंगळवारी त्याला चाळीचा जिना उतरता येत नाही. असं का होतं?

सायकल चालवताना मांडीचे पुढचे स्नायू आखडत आखडत जोर लावतात. शरीराचं वजन बरंचसं सीटवर असतं. डोंगर चढतानाही असंच काम होतं, त्यामुळे सायकलवाला चढाला सहसा हरत नाही.

पण उतरताना उलटं होतं. प्रत्येक पायरीला शरीर खाली पडत असतं आणि त्याला थोपवून धरायचं काम तेच मांडीचे स्नायू करतात. म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच कळत नाही, ते एक ते तीन दिवसांनी टोकाला जातं. सायकल चालवताना हे काम जवळपास होतच नाही, त्यामुळे कितीही किलोमीटर केले तरी उतराईची तयारी होत नाही.

चांगली गोष्ट ही, की स्नायू लवकर शिकतात. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतराईला फार कमी दुखतं. म्हणून फेरीच्या आठ-दहा दिवस आधी जिने उतरायचा सराव करायचा.

त्यासाठी डोंगर लागत नाही. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर कनकेश्वर म्हणजे शंभर मजले. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यातला तीस-पस्तीस मजल्यांचा एखादा तीन वेळा चढला-उतरला की कनकेश्वर झाला. चार मजली चाळीत राहत असाल तर पंचवीस फेऱ्या. एका दिवसात नको, आठवड्याभरात वाटून घ्या. शेजारी विचारतील. त्यांनाही बरोबर घ्या.

एव्हरेस्टच्या शंभर मीटर खालून परत फिरलेला सायकलवाला

सायकलने जाऊन डोंगर चढण्याचं जगातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण स्वीडनच्या योरान क्रोपचं. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो स्टॉकहोमहून सायकलवर निघाला. शंभर किलोहून जास्त सामान बरोबर घेऊन तो नेपाळला पोचला. तिथून स्वतःचं सामान स्वतः वाहत एव्हरेस्टच्या तळावर गेला. शेर्पांची मदत नाही, ऑक्सिजनची नळकांडी नाहीत.

३ मे १९९६ ला तो शिखरापासून साधारण शंभर मीटर खाली होता. हजारो किलोमीटर सायकल मारून आलेला माणूस, समोर शिखर दिसतंय. पण बर्फ मांडीपर्यंत होतं आणि वेळ निघून चालली होती. वर पोचलो तरी उजेडात उतरता येणार नाही, हे त्याला कळलं. तो परत फिरला.

त्यानंतर आठवड्याभराने, १० आणि ११ मेच्या वादळात त्याच डोंगरावर आठ गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्यातले काही जण परत फिरायची वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते. क्रोप मात्र २३ मे ला पुन्हा गेला, शिखरावर पोचला आणि सायकलवरून घरी निघाला.

कनकेश्वर हजार फुटांचा, एव्हरेस्ट एकोणतीस हजारांचा. तुलना उंचीची नाहीच. तुलना त्या एका निर्णयाची आहे. घरून निघतानाच एक वेळ ठरवायची, ‘इतके वाजले की जिथे असू तिथून परत’. वरच्या वेळापत्रकात ती साडेबारा आहे. साडेबाराला देवाच्या पायरीवर असलात तर नमस्कार करून खाली वळायचं. डोंगरावर आणि समुद्रावर सगळ्यात जास्त अपघात ‘आता एवढं आलोच आहोत’ या वाक्यानंतर होतात.

मुंबईला सायकलवरच्या धाडसाचा वारसाही मोठा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ ला इथून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पूर्ण केली. साडेचार वर्षांच्या त्या प्रवासात वाळवंटं होती, आल्प्सही होता. तेव्हा गिअर नव्हते, गुगल मॅप्स नव्हते. आपल्याला तर फक्त बोटीची वेळ पाळायची आहे.

काय न्यायचं, काय नाही

सायकल कोणतीही चालते. गिअरवाली असेल तर बरं, नसेल तर चढावर उतरून ढकलायची, त्यात लाज नाही. डबेवाले याच शहरात साध्या सायकलवर डब्यांचं ओझं घेऊन रोज फिरतातच की. मात्र ब्रेक, चेन आणि टायरची हवा आदल्या रात्री तपासायची. सीट इतक्या उंचीवर हवी की पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खाली असेल तर गुडघे सायकलवरच दुखायला लागतात आणि उतराईला त्यांचे हाल होतात.

बूट एकच जोड. पॅडलला अडकणारे सायकलचे बूट घालून दगडी पायऱ्यांवर गेलात तर घसरगुंडी ठरलेली. साधे सपाट पॅडल आणि चांगल्या पकडीचे ट्रेकिंगचे बूट, दोन्हीकडे चालतात.

कुलूप दणकट हवं. सायकल पायथ्याशी तीन तास एकटी राहणार आहे. एखाद्या दुकानदाराला किंवा घरातल्या काकांना विचारून त्यांच्या नजरेसमोर लावा. जाताना त्यांच्याकडेच चहा-नाश्ता केला तर त्यांनाही बरं वाटतं. दिवा, मीटर, पंप यांसारखं सहज निघणारं सामान सॅकमध्ये टाका.

पंक्चरचं सामान म्हणजे एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप. हे बरोबर असणं पुरेसं नाही, घरी एकदा चाक काढून बसवून बघितलेलं असावं.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठही जातं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा कोकम सरबत बाटलीत भरून न्या.

खायला किती? ७० किलोच्या माणसाला ३०० मीटर चढायला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे दोन-अडीच केळी. सायकलचे तास धरले तरी दिवसभरात थोडं थोडं खात राहणं महत्त्वाचं, एकदम ताट भरून नाही. केळी, चिक्की, गूळपोळी, दशम्या. दुपारी मापगावात किंवा चोंढीला मासळीचं ताट समोर आलं तर मोह होणारच. पण भरल्या पोटी, उन्हात, तोंडावरच्या वाऱ्यात सायकल मारायची आहे, हे लक्षात ठेवून दुसरी भाकरी मागवा.

पुढच्या पायऱ्या

कनकेश्वर झाला की भूक वाढते. मग हे पर्याय आहेत.

सागरगड : मांडव्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, अलिबाग-पेण रस्त्यालगतचं खंडाळे हे पायथ्याचं गाव. उंची साडेतेराशे फुटांच्या आसपास. वाटेत सिद्धेश्वराचं देऊळ, पावसाळ्यात धोंडाण्याचा धबधबा, माथ्यावरून दिसणारा वानरटोकाचा सुळका. इथे पायऱ्या नाहीत आणि चालही लांब आहे, त्यामुळे सकाळची पहिली बोट हवीच.

कर्नाळा : हा बोटीशिवायचा. दादरहून वाशी, पनवेल आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गाने कर्नाळा पक्षी अभयारण्य. एका बाजूचे पंचावन्न किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शंभरच्या वर आणि मध्ये किल्ला. शंभर किलोमीटर आधी केलेले नसतील तर याच्या वाटेला जाऊ नये. अभयारण्यात प्लास्टिक आणि गोंगाट दोन्ही नको.

कान्हेरी : समुद्र नको, महामार्गाचा लांब पल्लाही नको, अशांसाठी. दादरहून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक साधारण पंचवीस किलोमीटर. तिथून जंगलातल्या रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर शंभराहून अधिक बौद्ध लेणी आणि लेण्यांच्या वरचा कातळमाथा. उद्यान सोमवारी बंद असतं. रस्ता सोडून जंगलातल्या वाटांवर परवानगीशिवाय जायचं नाही. हे बिबट्यांचं घर आहे.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हवा कोरडी, समुद्र शांत, सकाळी गारवा. मार्चपासून मेपर्यंत जायचं तर दहाच्या आत डोंगर चढून झालेला हवा. पहिली बोट मिळूनही ते जमणार नसेल तर उन्हाळ्यात नाद सोडा. पावसात डोंगर सगळ्यात देखणा असतो, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, खड्डे पाण्याखाली लपतात आणि बोटीचा भरवसा नसतो. पावसाळ्यात निघालात तर परतीचा दुसरा मार्ग, म्हणजे अलिबागहून एसटी, आधीच ठरवून ठेवा. तोपर्यंत सायकल ठेवायला ओळखीचं घर आहे का, तेही बघा.

शिवरात्र आणि श्रावणी सोमवारी कनकेश्वराला मोठी गर्दी असते. दर्शनाला जायचं असेल तर जरूर जा, पण वेळेच्या हिशेबात तासभर वाढवा.

आणि हातात थोडा वेळ असेल तर मांडव्याजवळच्या सासवण्यात डोकवा. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर इथलेच. १९२८ साली पुण्यात बसवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनी घडवला. त्यांच्या घरातच आता शिल्पांचं संग्रहालय आहे. विशेष म्हणजे त्या पुतळ्याचं ओतकाम माझगावला झालं होतं, ज्या माझगावातून सकाळी तुमची बोट सुटते.

संध्याकाळी बोट भाऊच्या धक्क्याला लागते तेव्हा मासळीचा वास येतो, क्रेनचे दिवे लागलेले असतात. डॉकयार्ड रोडवरून भायखळा, तिथून लालबाग. सकाळी मोकळा असलेला रस्ता आता बस, टॅक्सी आणि हॉर्नने भरलेला असतो. दिवसभरातला सगळ्यात सावध राहायचा टप्पा हाच. दिवे लावायचे, हेल्मेट काढायचं नाही, शेवटचे पाच किलोमीटर घाई करायची नाही.

दिवसाचा हिशेब : सायकल पस्तीस ते चाळीस किलोमीटर, डोंगर एक, बोटी दोन, पेट्रोल शून्य. आणि सोमवारी सकाळी दादरचा पूल उतरताना मांड्या दुखल्या, की समजायचं, काल खरंच डोंगर झाला.